सिद्धाचलाचा पट : परंपरा, इतिहास आणि आपले कर्तव्य



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह विश्वस्त मंडळाने केला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी. परंतु गेली अनेक वर्षे कार्तिकी पौर्णिमेला जो पट आपण सर्व जण भक्तिभावाने जुहारतो, त्याच्याविषयी मिळेल ते वाचण्याचा छंद मला लागला. त्यातच यंदाच्या सभेत जुना पट काढून टाकून नवीन छापून घ्यावा, असा प्रस्ताव आला. त्या निमित्ताने पटाचा इतिहास समाजापुढे ठेवावा, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

शत्रुंजय महातीर्थ, म्हणजेच सिद्धाचल, गुजरात राज्याच्या भावनगर जिल्ह्यात पालिताणा नगराजवळ आहे. पर्वताची उंची सुमारे ६०० मीटर असून वर जाण्यास साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. माथ्यावर दोन शिखररांगा व त्यांवर टुंकांमध्ये विभागलेली, लहानमोठी मिळून आठशेहून अधिक मंदिरे आहेत. प्रथम तीर्थंकर श्री आदिनाथ भगवान येथे नव्व्याण्णव पूर्व वेळा पधारले, अशी आपली श्रद्धा आहे. नव्व्याण्णव यात्रांची प्रथा त्यावरूनच पडली. प्रथम गणधर श्री पुंडरीकस्वामी चैत्री पौर्णिमेला येथेच पाच कोटी मुनींसह मोक्षास गेले. कार्तिकी पौर्णिमेला द्राविड आणि वारिखिल्ल हे दहा कोटी मुनींसह सिद्धगतीस प्राप्त झाले.

चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक होत असल्याने गिरिराजाची यात्रा चार महिने बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेस ती पुन्हा सुरू होते. ज्या दिवशी आपल्या गावात इतर समाजबांधव त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावतात, त्या पहाटे पालिताण्यास हजारो यात्रेकरू तळेटीपासून चढू लागतात. मात्र प्रत्येकास तेथे जाणे शक्य नसते. वृद्ध, रुग्ण, परगावी व्यापार करणारे, ज्यांची परिस्थिती बेताची आहे असे, या सर्वांसाठी आपल्या पूर्वजांनी योजलेला मार्ग म्हणजे सिद्धाचलाचा पट. गावाबाहेर मोकळ्या जागी पट लावावयाचा, वाजतगाजत संघाने तेथे जावयाचे, त्यासमोर चैत्यवंदन करून एकवीस खमासमण द्यावयाचे. जो पर्वतापर्यंत जाऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत पर्वत येतो.

तीर्थांची चित्रे वस्त्रावर काढण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. चांपानेर येथे इ.स. १४३३ मध्ये तयार झालेला पंचतीर्थी पट कलेच्या इतिहासकारांना सुपरिचित आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी, चौदाव्या शतकात, श्री जिनप्रभसूरी यांनी ‘विविध तीर्थकल्प’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात शत्रुंजयकल्पाबरोबरच आपल्या महाराष्ट्रातील प्रतिष्ठानपूर म्हणजे पैठण, नाशिक आणि श्रीपूर म्हणजे शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांचेही कल्प आहेत. ग्रंथकाराने शब्दांनी जे केले, तेच चिताऱ्याने रंगांनी केले. तीर्थाचा महिमा दूरच्या श्रावकाच्या घरापर्यंत पोहोचविणे हाच दोघांचा हेतू.

व्यवसायामुळे माझी दृष्टी प्रथम पटाच्या कापडाकडे जाते. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असे, म्हणून मोठ्या पटासाठी अनेक पट्टे शिवून एकत्र जोडीत. जुन्या पटांवर या शिवणी स्पष्ट दिसतात. त्या सुती कापडाला खळ देऊन, वर पांढऱ्या खडूचा लेप चढवून, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चित्राची जमीन तयार करीत. मग रेखाटन, त्यानंतर हिंगुळाचा लाल, निळीचा निळा, हरताळाचा पिवळा आणि नीळ-हरताळ मिसळून केलेला हिरवा.

पटावरील पर्वत पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाश्चात्त्य चित्रकार एका जागी उभा राहून डोळ्यांना दिसेल तेवढाच डोंगर काढतो. त्यात जवळचे मोठे, दूरचे लहान आणि मागचे अदृश्य. आपला चितारा तसे करीत नाही. त्याच्या चित्रात तळेटी समोरून दिसते, पायऱ्यांची वाट नकाशाप्रमाणे वळणे घेत वर जाते, कोट वरून पाहिल्यासारखा आणि त्यातील मंदिरे मात्र पुन्हा समोरून. दादांची टुंक सर्वांत मोठी काढलेली असते, कारण यात्रेकरूच्या मनात ती सर्वांत मोठी आहे. वाटेवरील कुंड, विसावे, रायण वृक्ष, पायथ्याची शत्रुंजयी नदी, डोलीत बसलेले वृद्ध, साधू-साध्वींचे समुदाय हे सारे त्यात असते. हे चित्र पायांनी चढण्यासाठी काढलेले नसून डोळ्यांनी चढण्यासाठी काढलेले आहे. म्हणूनच लहानपणी आजीचे बोट धरून आपल्यापैकी अनेकांनी पटावरची वाट खालून वर पाहिली आणि यात्रा केल्याचे समाधान मानले.

भक्तीच्या दृष्टीने पट पवित्र आहेच, परंतु तो इतिहासाचे साधनही आहे, हे विशेषत्वाने सांगावयाचे आहे. कारण पर्वतावरील प्रत्येक वास्तूमागे एखादा श्रावक उभा आहे आणि त्यांतील बहुतेक आपल्यासारखेच व्यापारी होते.

बाराव्या शतकात गुजरातचा राजा कुमारपाळ याच्या काळी वर लाकडी मंदिर होते. उदयन मंत्री पूजेस बसले असता एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडात धरून जाताना त्यांनी पाहिला. लाकडी मंदिर एखाद्या दिवशी भस्मसात होईल, हे जाणून त्यांनी पाषाणाचे मंदिर बांधण्याचा अभिग्रह घेतला. पुढे रणभूमीवर त्यांचा अंत झाला आणि पुत्र बाहड मंत्र्याने तो अभिग्रह पूर्ण केला, अशी कथा प्रबंधांत येते. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजी फौजांकडून तीर्थाचा विध्वंस झाल्यावर समराशाह यांनी संवत १३७१ म्हणजे इ.स. १३१५ मध्ये उद्धार केला. त्यानंतरचा उद्धार संवत १५८७ म्हणजे इ.स. १५३१ मधील. तो करणारे चितोडचे कर्माशाह दोशी हे कापडाचे व्यापारी होते. गुजरातचा शाहजादा बहादूरखान संकटाच्या काळी चितोडला आला असता कर्माशाहांनी त्याला माल व द्रव्य देऊन साहाय्य केले. पुढे तो सुलतान बहादूरशाह झाला, तेव्हा परतफेड म्हणून कर्माशाहांनी तीर्थोद्धाराची परवानगी तेवढी मागितली, असे प्रबंधकाराने सांगितले आहे. ‘दोशी’ हे आडनावच मुळी वस्त्र या अर्थाच्या ‘दूष्य’ शब्दावरून आलेले आहे. आज मूळ गादीवर विराजमान असलेल्या आदीश्वर दादांची प्रतिष्ठा एका कापडवाल्याच्या हातून झाली, या विचाराने माझ्यासारख्याचे मन भरून येते.

नऊ टुंकांत एक ‘छीपावसही’ आहे. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारे, रंगारी. त्या कारागिरांच्या नावाची टुंक नगरशेठांच्या टुंकांच्या पंक्तीला बसली आहे. सवा-सोमाची चौमुख टुंक संवत १६७५ ची. तिच्यामागील हुंडीची कथा आपणांस ठाऊकच आहे. अडचणीत सापडलेल्या सवचंदांनी खाते नसतानाही अहमदाबादच्या सोमचंदांवर हुंडी लिहिली. लिहिताना कागदावर पडलेला अश्रूचा डाग पाहून सोमचंदांनी ती पटवली. पुढे ती रक्कम परत घेण्यास ते तयार होईनात, म्हणून त्या द्रव्यातून टुंक उभी राहिली. इतिहासाच्या काट्यावर तोलावयाची ही कथा नव्हे, परंतु व्यापाऱ्याची पत म्हणजे काय, हे तिच्याइतके दुसरे कोणी शिकवले नसेल.

आता पटाचा काळ कसा ओळखावा, ते सांगतो. पर्वताच्या दोन शिखररांगांच्या मध्ये पूर्वी एक खोल दरी होती. मुंबईचे सुप्रसिद्ध व्यापारी शेठ मोतीशाह, ज्यांनी भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधले, त्यांनी ही दरी भरून काढून तीवर टुंक उभारण्याचा संकल्प केला. महुव्याचे शिल्पी रामजी यांच्याकडे काम सोपविले. पाणी आणि सामान वर चढविण्यासाठी लागलेल्या दोरखंडांवरच ऐंशी हजार रुपये खर्च झाले, असे सांगितले जाते. १८३६ मध्ये मोतीशाहांचे देहावसान झाले आणि १८३७ मध्ये त्यांचे पुत्र खीमचंदभाई यांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. ज्यांनी दरी भरली, त्यांना भरलेल्या जागी ध्वजा फडकताना पाहता आली नाही. तेव्हा पटावर दोन शिखरांमध्ये मोकळी दरी दिसत असेल, तर त्यातील पर्वत १८३० पूर्वीच्या स्थितीतला. तेथे मोतीशाहांची टुंक असेल, तर तो १८३७ नंतरचा. नरशी केशवजींची टुंक दिसत असेल, तर तो संवत १९२१ म्हणजे १८६५ च्या सुमारानंतरचा. आणि दादांच्या मंदिरालगतची दाटी कमी करून, तेथील प्रतिमांसाठी बांधलेली १९७६ मधील नवी टुंक दिसत नसेल, तर तो त्यापूर्वीचा. अशा रीतीने पट हा पर्वताचा जमाखर्चच आहे. कोणत्या साली काय जमा झाले, ते त्यात नोंदलेले असते.

पटाचे महत्त्व ज्या काळात सर्वांत अधिक जाणवले असेल, तो काळ १९२६ ते १९२८ चा. पालिताणा संस्थान आणि शेठ आनंदजी कल्याणजी पेढी यांच्यात यात्रेच्या रकमेवरून दीर्घकाळ वाद चालत आला होता. १८८६ च्या करारानुसार पेढीने दरसाल १५,००० रुपये द्यावयाचे होते. त्याची चाळीस वर्षांची मुदत ३१ मार्च १९२६ रोजी संपली. संस्थानाने यात्रेकरूंवर माणशी कर बसविण्याचे ठरविताच सर्व देशातील संघांनी यात्राच बंद ठेवण्याचा निश्चय केला. ना मोर्चा, ना हाणामारी. केवळ न जाणे. दोन वर्षांहून अधिक काळ पायऱ्या सुन्या राहिल्या. अखेर मे १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने करार झाला. दरसाल ६०,००० रुपये, मुदत पस्तीस वर्षे. १ जून १९२८ पासून यात्रा पुन्हा सुरू झाली. या दरम्यान दोन कार्तिकी पौर्णिमा आल्या आणि गेल्या. ज्यांनी आयुष्यभर एकदा तरी दादांचे दर्शन घेण्याचा ध्यास धरला होता, त्यांतील कित्येक वृद्ध या दोन वर्षांत निवर्तले असतील. त्यांना पटासमोर उभे राहून वंदन करणे एवढेच शक्य होते. पट हा केवळ न जाणाऱ्यांसाठी नाही, न जाण्याचे व्रत घेतलेल्यांसाठीही आहे, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

आता छापील पटाकडे वळू. हाताने रंगविलेला पट करण्यास महिनोन्महिने लागत व खर्चही मोठा असे. तो मोठ्या संघालाच परवडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती बदलली. १८६९ मध्ये जेम्स बर्जेस यांनी शत्रुंजयाच्या मंदिरांवरील ग्रंथ मुंबईत छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. शिळाछापाने रंगीत देवचित्रे निघू लागली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि जे चित्र राजवाड्यात होते, ते चाळीतील खोलीत आले. याच ओघात तीर्थांचे पटही कागदावर छापले जाऊ लागले. खानदेशातील एखाद्या खेड्यात दहा घरांचा संघ असला, तरी त्याला पट घेणे शक्य झाले. व्यापारासाठी दूरदूर पांगलेल्या आपल्या समाजाला तीर्थाशी जोडून ठेवण्याचे जे काम छापील चित्राने केले, त्याचे मोल कमी लेखू नये.

आपल्या संघाचा जुना पट हा असाच छापील आहे. रंगविलेल्या पटावरून छापलेले कागदाचे भाग जोडून ते मांजरपाटावर चिकटविलेले आहेत. सभेत एका तरुण बंधूंनी रास्त प्रश्न विचारला, “काका, हा तर छापलेला कागद. हाताचे काम असते, तर जपले असते. याला जपून काय करावयाचे?” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

पहिले असे, की या पटावर मोतीशाहांची आणि नरशी केशवजींची, दोन्ही टुंका आहेत, १९७६ ची नवी टुंक नाही. अर्थात त्यातील पर्वत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला पर्वत आहे. तसा तो आज प्रत्यक्ष पालिताण्यासही पाहावयास मिळणार नाही. दुसरे असे, की मूळ रंगविलेला पट कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे आपणांस ठाऊक नाही. मूळ नष्ट झाले असेल, तर त्याची प्रतच मूळ ठरते. हुंडी हरवली, तर पेठ चालते आणि पेठही हरवली तर परपेठ, हा आपल्या व्यापाराचाच नियम आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की ज्या पिढीने हा ट्रस्ट स्थापिला, ती याच कागदासमोर उभी राहिली. देरासराचा पाया घालण्यापूर्वी आपल्या संघाकडे तीर्थ म्हणून जे काही होते, ते हेच. पटाच्या खालच्या भागावर बोटे लावून लावून छपाई पुसट झालेली आहे. ती झीज कोणत्याही नव्या छपाईत येणार नाही.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. गेली तीस वर्षे कार्तिकी पौर्णिमेनंतर पट उतरवून त्याची घडी घालण्याचे काम माझ्याकडे होते. दरवर्षी त्याच जागी, त्याच रेघेवर, कडक इस्त्रीच्या कापडासारखी घडी मी घालीत आलो. ताक्याच्या घडीवर सूत तुटते, हे गिऱ्हाईकाला मी रोज सांगतो. तेच पटाच्या बाबतीत मला सुचले नाही. परिणामी मधली घडी नेमकी दादांच्या मंदिराच्या शिखरावरून गेली असून तेथे कागद फाटून आतील मांजरपाट दिसू लागले आहे. पट जीर्ण झाला, असे आपण सभेत म्हटले. वस्तुतः तो काळाने जितका जीर्ण केला, त्याहून अधिक माझ्या घडीने केला आहे. त्याबद्दल संघाची क्षमा मागतो.

नवीन पट अवश्य घ्यावा, याबाबत माझे दुमत नाही. यात्रेत लावण्यासाठी सुस्पष्ट व टिकाऊ पट हवाच. मात्र तो प्लास्टिकच्या फ्लेक्सवर न छापता सुती कापडावर छापून घ्यावा, म्हणजे निदान वस्त्रपटाची परंपरा राहील. त्यासाठी लागणारे कापड माझ्या दुकानाकडून संघाच्या चरणी अर्पण करण्याची अनुमती द्यावी, ही नम्र विनंती.

जुन्या पटाविषयी मात्र पुढील सूचना विश्वस्त मंडळाने विचारात घ्याव्यात. त्याचे विसर्जन करू नये. घडी न घालता, जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या नळीवर चित्राची बाजू बाहेर ठेवून, धुऊन खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळावा, कारण खळीला कीड लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, त्यात दमटपणा कोंडतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. जाणकाराकडून दुरुस्ती होईपर्यंत तो आहे तसा राहू द्यावा. एकदा उत्तम छायाचित्र काढून ठेवावे. आणि ज्या वृद्ध मंडळींना हा पट कोणी, केव्हा आणला याची आठवण आहे, त्यांच्याकडून ती माहिती या वर्षातच लिहून घ्यावी. माझ्या वडिलांच्या पिढीतील असे तीन-चारच जण आज आपल्यात आहेत. पटाची झीज थांबविता येते, स्मृतीची थांबविता येत नाही.

पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने देरासर, उपाश्रय, पाठशाळा, भोजनशाळा उभ्या केल्या. हिशेबाच्या वह्या आपण चोख ठेवल्या. आपण कोठून आलो आणि कोणत्या श्रद्धेच्या बळावर येथे टिकलो, त्याचाही हिशेब ठेवणे हे याच कार्याचा भाग आहे, असे मला नम्रपणे वाटते. येत्या कार्तिकी पौर्णिमेला नव्या पटासमोर आपण एकवीस खमासमण देऊ, तेव्हा नळीत विसावलेल्या जुन्या पटालाही मनोमन वंदन करू या.

या लेखात अल्पमतीमुळे किंवा अनवधानाने जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे त्रिविधे मिच्छा मि दुक्कडम्.